सुकी फडकी, ओली फडकी

अगं ये की अशी जवळ. दारात उभ्यानं काय वाचतेस, टेक जरा. मला ठाऊक आहे तुझी खोड. दिवाळीचा अंक हातात आला की आधी राशीभविष्य, मग अनारशाची पाककृती, आणि बाळंतपण, दवाखाना असलं काही दिसलं की पान उलटायचं. उलटू नकोस. तुझी आई त्यातनं नीट उठली म्हणून तू आज हितं बसून पानं उलटतेस, एवढं तरी ध्यानात धर. बाप्यांनीही उठून जायचं नाही. तुम्ही काय झाडाला लागला होता का?

मी इंदूमावशी. भाटघरची लेक, कामथडीची सून. वेल्ह्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतिणीच्या खोलीत मी आया होते. आया हा कागदावरचा शब्द. तोंडी सगळे मावशीच म्हणायचे. नातीच्या वयाच्या सिस्टरपासून माझ्यापेक्षा थोराड सासवांपर्यंत सगळ्यांची मी मावशी. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढची अक्षरं मी औषधाच्या खोक्यांवर शिकले. त्यामुळं ‘थंड जागी ठेवावे’ आणि ‘लहान मुलांपासून दूर ठेवावे’ एवढं मला चुकीशिवाय लिहिता येतं. बाकीचं संपादकांनी नीट करून घ्यावं.

लोकांना वाटतं आयाचं काम म्हणजे झाडू आणि फडकं. आहेच. पण बाळंतिणीच्या खोलीत कळा देताना हात कुणाचा धरतात? डॉक्टरमॅडमचे हात कामात, सिस्टरचे हात कामात. मोकळा हात मावशीचा. माझं मनगट कितीजणींनी पिळलंय त्याला गणती नाही. एकीनं तर चावा घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, “मावशी, ह्ये काय लागलं वो तुमाला?” म्हटलं, “मांजर चावलं, बाई.”

आणि दुसरं काम सफाईचं. ह्यात मी लई तरबेज. बाळ रडलं, वार पडली, की नातेवाईक आत यायच्या आत फरशी आरशासारखी. रक्ताचा एक टिपका दिसायचा नाही. दिसला की बाहेरच्या बाया हंबरडा फोडतात, आणि मग बाळंतीण घाबरते.

आता परक्या माणसासाठी जरा समजावून सांगते. बाळ झालं, वार बाहेर आली, की गर्भपिशवीनं मुठीसारखं आवळून घ्यायचं असतं. ती आवळली की रक्ताच्या तोट्या बंद. ढिली राहिली की तोट्या उघड्याच. धोधो वाहिलं तर आंधळाही ओळखेल. घात होतो तो झिरपण्यानं. अंगाखालच्या फडक्यात थोडं थोडं मुरत राहतं, वरनं पांघरूण, बाई गुमान पडलेली, आणि सगळे पेढ्याच्या गडबडीत. म्हणून रक्त गेलं किती, हे कळायला लागतं. पूर्वी आम्ही ते डोळ्यानं मापायचो. सिस्टर विचारायची, “मावशी, किती गेलं?” मी म्हणायची, “नेहमीएवढं.” ती लिहायची नेहमीएवढं. मला ह्याचा अभिमान होता बरं का. वाटायचं, एवढी वर्षं बघतेय, माझा डोळा म्हणजे माप.

तर मग ती पडद्यावरची बैठक सुरू झाली. राज्यातल्या कितीतरी सरकारी दवाखान्यांनी मिळून ठरवलं, की बाळंतीण आणि तान्हं लेकरू दगावू नये म्हणून ज्याला जे सुचलं, ज्याला जे जमलं, ते दुसऱ्याला सांगायचं. चांदा ते बांदा. आमच्या डॉक्टरमॅडमच्या खोलीत मोठा पडदा लावलेला. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्यासारखे चौकोन, आणि प्रत्येक खुराड्यात एक दवाखाना. बैठकीचा नियम एकच. कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही; काय झालं आणि पुढं काय करायचं एवढंच बोलायचं. हा नियम सासवा-सुनांच्या बोलण्यात लावला ना, तर आमच्या गावातली निम्मी भांडणं मिटतील.

मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्हीपण बसा.” मी म्हटलं, “मी काय करू तिथं, चहा आणते.” त्या म्हणाल्या, “चहा नको. बसा.”

पहिल्या एकदोन वेळा मी कोपऱ्यात बसून पेंगले, खोटं कशाला बोलू. मग एकदा त्यांनी खेळ लावला. सगळ्या दवाखान्यांनी एकाच वेळी फडक्यावर लाल रंगाचं पाणी ओतायचं आणि आयांनी, सिस्टरांनी बघून सांगायचं किती ओतलं. आमच्या दीपाली सिस्टरनं, म्हणजे आमच्या खोलीतल्या तरण्या नर्सनं, बाहेर जाऊन फडकी भिजवून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. मी ऐटीत म्हटलं, “पेलाभर.”

“मावशी, तांब्या रिकामा केला मी ह्यात.”

मी म्हटलं, “खोटं.” तिनं पिळून दाखवलं. भरला की गं तांब्या! माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात पडद्यावरनं कुणीतरी खो खो हसलं. मराठवाड्यातल्या एका दवाखान्याच्या खुराड्यात माझ्याच वयाची, कपाळावर हे एवढं कुंकू लावलेली बाई.

“हसताय काय?” मी म्हटलं.

“तुमाला न्हाई ओ हसले, मला हसले. मी बी पेलाच म्हणले. आन् बाई, आमी दोगी जुनी खोडं. नव्या पोरींचा अदमास आपल्यापरीस बरा आला बगा. त्यांना अजून खात्री कशाचीच न्हाई ना!”

ती गयाबाई. तिच्यासमोर अजून प्रत्यक्ष बसले नाही, पण सणासुदीला आमचे फोन असतात. तिच्याच दवाखान्यात ही रीत आधी बसली होती: फडकं वापरायच्या आधी सुकं तोलायचं, वापरल्यावर ओलं तोलायचं. ओल्यातनं सुकं वजा केलं की रक्त किती गेलं ते समजतं. अर्ध्या किलोच्या वर गेलं की घंटा वाजली समजायचं, सगळ्यांनी धावायचं. गयाबाईनं पडद्यावर आम्हाला काटा दाखवला. मिठाईवाल्याकडं असतो तसला, लाल आकड्यांचा.

मी मॅडमना म्हटलं, “रगत काय वांगी हायेत व्हय तोलायला?” गयाबाईनं ते ऐकलं. म्हणाली, “वांगी तोलून घेताव ना बाजारात? का तिथं बी डोळ्यानंच?”

काटा आला. आता खरी मजा ऐक. दवाखान्याचे पॅड असतात, त्यांचं वजन ठरलेलं. पण आमच्याकडच्या बाया घरची फडकी आणतातच. जुनं मऊ सुती लुगडं फाडायचं, धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं आणि गाठोडं बांधून ठेवायचं. स्वच्छ असली तर आम्ही वापरू देतो. त्या कापडाला घरचा वास असतो, बाईला धीर येतो. पण एक फडकं हातरुमालाएवढं, दुसरं अर्ध्या सतरंजीएवढं. त्यामुळं बाई भरती झाली की मी आधी गाठोडं सोडून सगळं सुकं तोलायची, आणि सिस्टर चिकटपट्टीवर वजन लिहून ठेवायची.

आम्ही फडकी तोलताना बघून लोकांच्या कल्पना कुठं कुठं धावायच्या! एका बाप्यानं विचारलं, “मावशी, बिल किलोवर हाय का?” एक आजीबाई दोन दिवस काटा न्याहाळत बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी पदरातनं पुडी काढून म्हणाल्या, “ह्यो हळकुंडांचा पुडा जरा तोल गं, त्यो दुकानदार लुच्चा हाय.” तोलला. दुकानदार खरंच लुच्चा निघाला.

बैठकीतनं आणखीही काय काय आलं. बाळाला जन्मल्याजन्मल्या न्हाऊ घालायचं नाही, कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरनं पांघरूण. त्याला ऊब लागते, ती आईच्या अंगाची. ह्यावरनं मला माझ्या थोरल्या जावेनं गावात बोलून घेतलं, “तुमच्या दवाखान्यात लेकरं पारोशी ठेवता म्हणं!” म्हटलं, “व्हय, पारोशी आणि गरम.” आणि मोठ्या दवाखान्यात कुणाला धाडायचं तर आधी फोन करून सगळी हकिगत सांगायची, मग निघायचं. पूर्वी गाडी निघायची आणि वाटभर देवाचं नाव. आता पुण्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा चेहरा आम्ही पडद्यावर बघितलेला, तिनं आमचा. ओळखीच्या घरी जाताना निरोप धाडावा तसं झालं.

हे सगळं का सांगतेय, तर मनीषाचं सांगायचं आहे म्हणून.

पासलीच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आहे, थोडी घरं, बाकी म्हशी. तिथल्या भागूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून मनीषा, पहिलटकरीण, अंगानं काडी. वाडीवस्तीवर फिरून बाळंतिणींची नोंद ठेवणाऱ्या आशाताईनं समजावून समजावून त्यांना दिवस भरायच्या आधीच खाली आणलं होतं, म्हणून तरी जीपची पळापळ वाचली. भागूबाई उंच, ताठ, बोलणं कमी. सुनेला एक शब्द बोलायच्या नाहीत, पण तिच्या पाण्याचा पेला आधी स्वतः चाखून बघायच्या, गार तर नाही ना म्हणून.

मी गाठोडं मागितलं. त्यांनी चार फडकी काढून दिली. पाचवं काखेत धरलं. जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, लाल किनारीचा, चौघडी घातलेला.

“ते बी द्या, भागूबाई.”

“ह्ये न्हाई तोलायचं.”

“का वो?”

“माजी आजेसासू नेसायची ह्ये. तिची लेकरं ह्याच्यावर झाली, माज्या सासूची झाली, माजी झाली. आमच्या घरात त्याला कुणी मापत न्हाई. मापलं की सरतं.”

आता हे मला काही परकं नव्हतं. माझी आईसुद्धा पाळण्यातलं लेकरू काडीनं मोजू द्यायची नाही. दीपाली सिस्टर म्हणाली, “आजी, नुसतं कापडाचं वजन आहे हो.” भागूबाई म्हणाल्या, “मंग ऱ्हाऊ दे की, नुसतं कापडच हाय.” सिस्टर हसली. मी म्हटलं, चार तर तोललीत, एकानं काय बिघडतंय. भागूबाईंनी आपल्या हातानं ते हिरवं लुगडं सुनेच्या अंगाखाली अंथरलं, नीट सुरकुत्या काढून. अंथरताना काहीतरी पुटपुटल्या. मनीषा जरा निवांत झाली.

दुपार कलायच्या सुमाराला मुलगी झाली. लहानखुरी, जेमतेम दोन किलोची, आणि लवकर रडेना. मॅडम आणि सिस्टर दोघी तिच्याकडं वळल्या. मी गरम टॉवेलनं पाठ चोळत होते. जरा वेळानं ती मांजराच्या पिल्लासारखी कुरकुरली आणि मग असं भोकाड पसरलं की बाहेर बाकावरचे लोक हसले. वार पडली, पूर्ण पडली. इंजेक्शन झालं होतं. मी फडकी गोळा केली, काट्यावर ठेवली. आकडा बघून सिस्टर म्हणाली, “छान. काही जास्त नाही.” मी लेकरू मनीषाच्या छातीवर ठेवलं, पांघरूण घातलं. माझ्या डोळ्यानंही सांगितलं, नेहमीएवढं.

मनीषानं जांभई दिली. म्हटलं, दमली पोर. परत जांभई. मग म्हणाली, “मावशी, पानी द्या.” पाजलं. तर म्हणाली, “गार वाजतंय.” बाहेर घाम फुटेल असं ऊन.

दीपाली सिस्टरनं नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. “मॅडम, नाडी पळतेय.” मॅडमनी पोटावर हात ठेवला. गर्भपिशवी मुठीसारखी हवी, ती पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागली. मॅडम लगेच ती चोळायला लागल्या, सिस्टरनं दुसरं इंजेक्शन भरलं, सलाइन जोरात सोडलं. आणि मॅडम म्हणाल्या, “पण काट्यावर तर कमी दिसतंय. मग ही अशी का होतेय? नक्की किती गेलंय?”

ह्याच्यावरच सगळं होतं बघ. थोडंच गेलं असेल तर हितंच ठीक होणार. जास्त गेलं असेल तर वेळ न घालवता पुण्याला, कारण आमच्याकडं रक्ताची पिशवी नाही. आणि पुण्याला सांगायचं तर किती गेलं ते सांगायला हवं.

मी काट्याकडं बघितलं. चार फडकी. चारही पांढरी. हिरवं कुठंय?

मनीषाच्या अंगाखाली हात घातला. तिथं दवाखान्याचा नवा पॅड होता, आणि तोही आता भिजायला लागला होता. हिरवं लुगडं नव्हतं. आम्ही सगळ्या बाळापाशी होतो तेव्हा कुणीतरी ते काढून हा पॅड सरकवला होता.

भागूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पायाशी पिशवी. पिशवीवर त्यांचा पाय.

“भागूबाई, हिरवं फडकं कुठंय?”

“हाय.”

“द्या.”

“ते परक्याच्या हातात द्यायचं नसतं. दिवस मावळायच्या आत मी माज्या हातानं झऱ्यावर धुनार. आमच्यात तसंच हाय.”

“धुवा की. कोण न्हाई म्हणतंय? आधी काट्यावर ठेवू द्या.”

“ते माजं हाय, मावशी.”

“लुगडं तुमचं हाय,” मी म्हटलं, “पर त्यातलं रगत तुमच्या सुनंचं हाय. ते किती हाय एवढंच बघायचंय. तिला वाचवायला लागतंय ते.”

मी रागावले नव्हते. रागवायला वेळ कुठं होता? आणि राग यावा असं त्या बाईनं केलंही काय होतं? आजेसासूपासून जे चालत आलं तेच तिनं सुनेच्या भल्यासाठी केलं होतं. तेवढ्यात मनीषा पडल्यापडल्या बारीक आवाजात म्हणाली, “आत्याबाई, द्या की.”

सून सासूला पहिल्यांदाच काहीतरी मागत असावी. भागूबाईंनी पाय काढला. पिशवी उचलून माझ्या हातात नाही दिली. स्वतः काट्यापाशी आल्या, लुगडं काढलं आणि ठेवलं. ठेवताना आवाज झाला, ओल्या मातीचा गोळा ठेवल्यासारखा. लाल आकडे पळाले ते किलोच्या पुढं जाऊन थांबले.

“सुकं किती होतं?” सिस्टर म्हणाली.

कुणाला ठाऊक होतं? तोललं कुठं होतं?

मॅडम म्हणाल्या, “पाव किलो धरा. तरी पुष्कळ आहे. गाडी.”

त्यानंतर कुणी आरडाओरडा केला नाही, ही त्या बैठकीची करामत. कुणी काय करायचं ते आधी पन्नासदा घोकून झालेलं. सिस्टरनं पुण्याला फोन लावला. हकिगत, वजन, नाडी, रक्तगट, सगळं सरळ सांगितलं. पलीकडनं ओळखीचा आवाज आला, “निघा तुम्ही. आम्ही दारात आहोत.” मॅडमनी मनीषाला तो पट्ट्यांचा पोशाख चढवला. पायापासनं पोटापर्यंत घट्ट आवळतात, म्हणजे अंगातलं उरलेलं रक्त वर काळजाकडं, मेंदूकडं राहतं. दिसायला विदूषकाची विजार. पहिल्यांदा तो खोक्यातनं निघाला तेव्हा मी हसले होते. त्या दिवशी पट्ट्या आवळताना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

राहिलं लेकरू. आई अशी, मग त्याला ऊब कुणाची? मी भागूबाईंना म्हटलं, “चोळीच्या गाठी सोडा.”

“आँ?”

“नातीला छातीशी धरायचंय. उघड्या अंगाला अंग. वरनं पदर.”

“माज्याकडं दूद कुटलं आता?”

“दूध न्हाई मागत. ऊब मागतीय.”

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या एवढ्याशा जिवाकडं. आणि बिनबोभाट गाठ सोडली.

गाडीत मॅडम मनीषापाशी, एक हात सतत पोटावर. मी आणि भागूबाई बाजूच्या बाकावर. मार्गासनी गेलं, नसरापूर आलं, गाडी हायवेला लागली. मी खिडकीतनं कामथडीकडं हात जोडले, घरच्या देवाला कळावं म्हणून. भागूबाईंच्या पदराआड लेकरू निजलं होतं. मनीषा मधनंच डोळे उघडायची आणि विचारायची, “आत्याबाई, गरम हाय का ती?”

“हाय. भाकरीवानी गरम हाय. तू डोळं मिटू नगंस. बोलत ऱ्हा.”

“काय बोलू?”

ह्यावर भागूबाई जरा अडल्या. वर्षभर एका घरात राहून दोघींनी बोलायचं काय ते ठरवलेलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “तुज्या म्हायेरच्या म्हशीचं सांग. ती एक शिंगाची.” आणि मनीषा तुटक तुटक सांगायला लागली. ती म्हैस कशी पुराच्या पाण्यातनं एकटी घरी आली. दम लागला की थांबायची, भागूबाई म्हणायच्या, “मंग?” पुणं येईपर्यंत त्या म्हशीनं आम्हाला तारून नेलं.

दारात ते खरंच उभे होते. ढकलगाडी, दोन सिस्टर, आणि रक्ताची पिशवी आणलेली. पडद्यावर मी बघितलेली सिस्टर पुढं आली आणि म्हणाली, “इंदूमावशी ना?” मनीषाला घेऊन ते आत पळाले, आणि आम्ही तिघी, दोन म्हाताऱ्या आणि एक तान्ही, भिंतीपाशी बसलो.

मनीषा वाचली. रक्ताच्या पिशव्या लागल्या, आठवडा गेला, पण वाचली. गर्भपिशवीही काढायला लागली नाही. लेकरूही तिच्या छातीवर वाढायला लागलं. नंतरच्या बैठकीत मॅडमनी ही हकिगत सांगितली आणि एक गोष्ट सगळीकडं ठरली: घरचं फडकं असेल तर सोबतच्या बाईला आधी समजावायचं, आणि तोलायचं तिच्याच हातानं. काट्यावर आम्ही ठेवायचं नाही, घरच्यांनी ठेवायचं. गयाबाई म्हणाली, “तुमच्या भागूबाईनं आमच्या समद्यांना शिकवलं की ओ!” मला लई बरं वाटलं. आणि वाईटही. त्या काट्याच्या आधीच्या काही बाया माझ्या डोळ्यापुढं येतात. तेव्हा हे असतं तर, असं म्हणत बसले तर जेवण जात नाही. म्हणून म्हणत नाही.

आता त्या लुगड्याचं.

त्या गडबडीत ते आमच्याच दवाखान्यात राहिलं. असली फडकी आम्ही पिवळ्या पिशवीत टाकतो, ती जाळायला जातात. दुसऱ्या दिवशी मी परत आले तर ते बादलीत पडलेलं. सिस्टर म्हणाली, “मावशी, टाकू ना?” मी म्हटलं, “टाकलंस तर बघ.” दवाखान्याच्या चादरी धुतात तसं ब्लीचिंगच्या पाण्यात घालून, मग साबणानं, मग साध्या पाण्यानं मी ते धुतलं. झऱ्यावर नाही धुता आलं, पण दुसऱ्या दिवशी का होईना, दिवस मावळायच्या आत धुतलं. ब्लीचिंगनं रंग उडाला. हिरवं होतं ते आता वाळल्या गवतासारखं झालंय. किनार तेवढी लाल राहिली. चार पिढ्यांचा रंग माझ्या एका बादलीत गेला.

भागूबाई एकदा लसीला नातीला घेऊन आल्या होत्या, तेव्हा मी गुडघ्याच्या दुखण्यानं रजेवर. मग माझी नोकरी संपली. येताना ते घरी आणलं. त्यांना वाटत असणार, जळून गेलं. त्यांनी कुणाला विचारलंही नाही. तशी ती बाई मागणारी नव्हेच.

परवा आशाताई बाजारात भेटली. म्हणाली, नात अंगणवाडीत जाते, आणि मनीषाला परत दिवस गेलेत. ह्या खेपेला नाव आधीच घातलंय, आणि बाळंतपण पुण्यालाच करायचं हेही आधीच ठरलंय. भागूबाई म्हणे घरात जुनं सुती धुंडाळत असतात आणि हाताला काही लागलं की नापसंत करतात.

त्या वाडीवर फोन लागत नाही. आशाताईबरोबर निरोप धाडलाय आणि हा अंकही धाडणार आहे. भागूबाईंना वाचता येत नाही, पण मनीषा, तू वाच मोठ्यानं, त्यांच्या बाजूला बसून.

भागूबाई, लुगडं माझ्या पेटीत आहे. रंग गेलाय, त्याचं तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. विरलं नाही कुठं. कामथडीच्या फाट्यावर उतरा आणि इंदूमावशीचं घर विचारा, कुणीही दाखवेल. नातीला घेऊन या, सुनेला घेऊन या, येताना तुपाबिपाचं ओझं आणू नका. जेवू, बसू, ती एक शिंगाची म्हैस शेवटी काय झाली ते मला अजून कळलेलं नाही. मग मनीषाबरोबर मीही येते पुण्याला. तिथंही काटा आहे, मी बघितलाय. तुमच्या हातानं ठेवा त्यावर, यंदा सुकं असतानाच. माझ्या घरात आहे म्हणून मी काही ते मापलेलं नाही, तुमची वाट बघत ठेवलंय.

थंडी पडायच्या आत या.